गातोय कमी, सांगतोय जास्त

कुंभकोणमला आमच्या मराठी घरात वर्षं महामखमवरून मोजतात. बारा वर्षांनी एकदा सगळा गाव स्नानाला महामखम तळ्यात उतरतो. कुणाचं लग्न, कुणाची बदली, सगळं 'त्या महामखमच्या आधी' नाहीतर 'नंतर'. पिंक फ्लॉइड या बँडची 'द फायनल कट' माझ्या हाती आली ती 1980 च्या महामखमनंतर. ती आवडायला लागेपर्यंत आणखी दोन होऊन गेले.

मूळ कॅसेट नव्हतीच ती. मद्रासला शिकणाऱ्या मामेभावाने रेकॉर्डिंगच्या दुकानातून साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून आणली होती. अल्बम जेमतेम 43 मिनिटांचा. फीत वाया का घालवा, म्हणून दुकानदाराने उरलेल्या जागेत 'मून्ड्राम पिरै'मधली इळैयराजाची गाणी भरली. आम्ही ती बाजू पुढे पळवून थेट त्या गाण्यांवरच यायचो.

कारण मला त्यांच्या आधीच्या अल्बमसारखी दुसरी 'वॉल' हवी होती. लांबलचक गिटार, झोकदार ठेका. इथे त्यांचा गायक रॉजर वॉटर्स पुटपुटतोय, मध्येच किंचाळतोय. संध्याकाळी शार्ङ्गपाणीच्या देवळातला नागस्वर सुरू झाला की पुटपुटणं ऐकूच यायचं नाही. आवाज वाढवावा, तर पुढच्याच ओळीला सगळी आळी दचकायची. आत्या आतून म्हणाली, "गातोय कमी, सांगतोय जास्त. कुठला बुवा रे हा?" आम्ही हसलो.

तिकडे इंग्लंडातही फार वेगळं चाललं नव्हतं. 1982 च्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली, थॅचरबाईंनी आरमार धाडलं, जूनमध्ये युद्ध संपलं, आणि मार्च 1983 मध्ये त्या युद्धावर चिडलेली ही तबकडी बाजारात आली. विक्रीत तिथे पहिल्या क्रमांकावर गेली. 'रोलिंग स्टोन'ने पाचपैकी पाच तारे दिले, तर 'मेलडी मेकर'ने पार धुऊन काढलं. खुद्द बँडमध्येच फाटाफूट होती. रिचर्ड राइटला आधीच बाहेर काढलेलं. जी गाणी 'वॉल'मध्ये बसली नाहीत ती आता कशाला, असा डेव्हिड गिल्मोरचा सवाल. निर्मात्यांच्या यादीत त्याचं नाव नाही, आणि मुख्य आवाज म्हणून तो एकाच गाण्यात आहे. हा बँडचा अल्बम नाही, एकट्या वॉटर्सचं गाऱ्हाणं आहे, असं लोक म्हणत. ते खरंच आहे. फक्त त्यात वाईट काय, हे मला बरंच उशिरा विचारावंसं वाटलं.

आत्याचं वाक्य तेव्हा आठवलं. 1860 च्या दशकात मोरगावकर बुवा तंजावुरात येऊन राहिले. त्यांचं मराठी कीर्तन ऐकून इकडचे लोक वेडे झाले, आणि त्यातून कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा उभी केली. आमची साकी, दिंडी, ओवी तिच्यात आजही आहे. कीर्तनात गाण्यापेक्षा सांगणं मोठं. बुवा कुजबुजतात, गरजतात, एका दमात आई होतात, दुसऱ्या दमात राजा. चाल शब्दांच्या मागून फरफटत येते. संगीतसभेत बसून राग मोजणाऱ्याला ते अर्धवट गाणं वाटणारच. मी 'फायनल कट' ऐकताना तेच करत होतो. पूर्वरंगात युद्धानंतरच्या इंग्लंडचं मोडलेलं स्वप्न, उत्तररंगात वॉटर्सच्या युद्धात गेलेल्या बापाचं आख्यान. मायकेल केमनचा पियानो आणि वाद्यवृंद म्हणजे मागे उभे टाळकरी.

मधल्या काळात युद्धही जवळ आलं होतं. अल्बम निघाल्यावर चारच महिन्यांनी, जुलै 1983 मध्ये, तमिळांविरुद्धच्या दंगलींत कोलंबो पेटलं आणि निर्वासित आमच्या किनाऱ्याला लागले. 1987 मध्ये आपलं सैन्य जाफन्याला गेलं. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबरला तिथे पडले, महार रेजिमेंटचे. मराठी नावाच्या पलटणीतला तमिळ अधिकारी, समोर तमिळ बंडखोर. आमच्यासारख्या अर्ध्या-अर्ध्या माणसांनी कुणाच्या बाजूने हळहळायचं? त्या दिवसांत एकदा 'द गनर्स ड्रीम' लागलं. विमानातून खाली कोसळणाऱ्या गोलंदाजाला निर्धास्त जगाचं स्वप्न पडतं. त्यात वॉटर्सची किंकाळी लांबत जाते आणि कुठल्या क्षणी ती रॅफेल रेव्हन्सक्रॉफ्टचा सॅक्सोफोन होते ते कळत नाही. मी पहिल्यांदाच ते गाणं मागे नेऊन परत ऐकलं.

2004 च्या मार्चमध्ये महामखम झाला, आणि त्याच वर्षी अल्बमची नवी सीडी निघाली. हेडफोन लावून ऐकल्यावर इतकी वर्षं काय हुकलं ते समजलं: मोटारी, पावलं, स्फोट डोक्याच्या मागून येतात. त्यासाठी वेगळं ध्वनितंत्र वापरलं होतं, आमच्या एका स्पीकरच्या टेपला ते पेलणारं नव्हतं. या आवृत्तीत 'व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री' हे जास्तीचं गाणं आहे. तमिळनाडूत 'टायगर्स' म्हटलं की लोक कान टवकारतात. गाण्यातले टायगर म्हणजे ते बंडखोर नव्हेत, जर्मन रणगाडे.

वॉटर्सचा बाप एरिक फ्लेचर वॉटर्स. आधी युद्धालाच विरोध म्हणून लंडनच्या बॉम्बवर्षावात रुग्णवाहिका चालवली, मग मत बदलून सैन्यात गेला. 18 फेब्रुवारी 1944 रोजी इटलीत आंझियोला मारला गेला. मुलगा पाच महिन्यांचा. देह सापडला नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलंय. त्याच स्मारकावर माणगावजवळच्या पळसगावच्या नाईक यशवंत घाडगे यांचं नाव आहे. मराठा लाइट इन्फंट्री, वय 22, 10 जुलै 1944, एकट्याने मशीनगनवर धाव, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात त्यांचा पुतळा आहे. हे कळल्यावर मी 'साउथॅम्प्टन डॉक' पुन्हा लावलं. धक्क्यावर निरोप देणारी ती बाई मला नऊवारीत दिसली.

सगळंच पटतं असं नाही. 'नॉट नाउ जॉन'चा आरडाओरडा मला आजही सोसत नाही, आणि जगभरच्या सत्ताधीशांना एका आश्रमात कोंडणारं 'फ्लेचर मेमोरियल होम' जरा जास्तच कडवट आहे. पण शेवटचं गाणं येतं. गाडी चालवणाऱ्याला दिवस मावळताना पूर्वेला दुसरा सूर्य उगवलेला दिसतो, म्हणजे अणुबॉम्ब. मग ते विरत जातं, सीडी थांबते, आणि माझा कान अजून दोन क्षण इळैयराजाची वाट बघतो.