दोन बोटांची जागा

मॅट दुसऱ्याच गाडीची होती, ही गोष्ट डोक्यातून जाईना.

28 ऑगस्ट 2009, कॅलिफोर्निया. सॅन दिएगोजवळच्या सँटी इथे एक लेक्सस ईएस 350 ताशी शंभर मैलांच्या वर वेगाने पळत होती. हायवे संपतो तिथे ती पुढच्या गाडीवर आदळली, खाली गेली आणि पेटली. आतली चौघंही गेली. चालवणारा हायवे पोलीस दलातला होता, म्हणजे गाडी हाकणं हा त्याचा रोजचाच धंदा. स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला दिली म्हणून डीलरने ही तात्पुरती वापरायला दिली होती. तपासनिसांना एक्सलेटरला वितळून चिकटलेली रबरी मॅट सापडली. ती होती आरएक्स 400एच या वेगळ्या, मोठ्या मॉडेलची, आणि हुकात अडकवलेली नव्हती.

म्हणजे कुणीतरी वाकून ती तिथे टाकली असणार. बातम्यांमध्ये कंपनी आली, सरकार आलं, वकील आले. हे वाकण्याचं काम मात्र कुणी कामात धरलं नाही. मला तेच बघायचं होतं. त्यासाठी पुण्यातली नाना पेठ पुरेशी होती.

मॅट बसवणाऱ्यांच्या गल्लीत गाड्या चारी दारं उघडी टाकून उभ्या असतात. नवं रबर, सोल्यूशन आणि उन्हात तापलेलं रेक्झिन यांचा मिळून एक वास येतो, तो घरी गेल्यावरही शर्टाला राहतो. ज्यांच्याकडे मी बसलो त्यांना सगळी गल्ली मामा म्हणते. जुनी मॅट काढायची, व्हॅक्यूम मारायचा, नवी अंथरून कडा दाबायच्या. हे सगळं हाताखालचा पोरगा करतो. मामा येतात शेवटी. ड्रायव्हरच्या दारात उकिडवे बसतात, मान स्टिअरिंगखाली घालतात, डाव्या हाताने एक्सलेटर तळापर्यंत दाबून धरतात आणि उजव्या हाताची दोन बोटं पेडलच्या खालच्या कडेत नि मॅटमध्ये सरकवून बघतात. मग पेडल सोडतात. ते खटकन वर आलं पाहिजे. इंजिन अर्थातच बंद.

“दोन बोटं,” एवढंच म्हणाले. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, मामांच्या बोटांचा आहे.

त्या दिवशी एक नवीकोरी गाडी आली होती. मालकाला सेव्हन-डी मॅट हवी होती, तिच्यावर आणखी एक नूडल मॅट, आणि कंपनीची मूळ मॅट खाली तशीच.

“दोन्ही नाही बसणार साहेब.”

“अहो, पण कंपनीची खराब होईल ना!”

“मग ती घरी न्या. गादीखाली ठेवा.”

साहेब हसले नाहीत. आपल्याकडे सोफ्यावर चादर, रिमोटवर प्लास्टिक, तसंच मॅटवर मॅट. पण खालच्या मॅटला हूक असतो, वरचीला बहुतेकदा नसतो. टाचेने ती इंचाइंचाने पुढे सरकते आणि एक दिवस पेडल तिच्या कडेखाली जाऊन बसतं. मामांनी कंपनीची मॅट बाहेर काढली. नुसत्या सेव्हन-डीवरही बोट एकच शिरलं. नूडल बाजूला ठेवली आणि कटर उघडला.

“अहो, नवी मॅट कापताय काय!”

मामांनी उत्तर दिलं नाही. वरच्या कडेची अर्धचंद्रासारखी पट्टी निघाली. पुन्हा बोटं घातली. दोन.

कापणं ऐकायला गावठी वाटेल. पण लेक्सस बनवणाऱ्या टोयोटानेही शेवटी तेच केलं, फक्त उलट्या बाजूने. 2009च्या सप्टेंबरअखेर कंपनीने 38 लाख गाड्यांच्या मालकांना आधी ड्रायव्हरकडची मॅट काढून ठेवायला सांगितलं, आणि नंतर पेडलंच खालून कापून आखूड केली. शिवाय ब्रेक दाबला की इंजिनाचा जोर आपोआप कमी व्हावा, अशी सोय बऱ्याच मॉडेलमध्ये घातली. जागा करायचीच होती; मामा मॅट कापतात, त्यांनी पेडल कापलं.

सगळा दोष मॅटवर टाकणं कंपनीला सोयीचंही होतं. 2007मध्येच याच कारणासाठी 55 हजार मॅट परत बोलावल्या होत्या. जानेवारी 2010मध्ये निघालेला दोष वेगळाच होता: मॅटचा संबंध नसताना पेडल आतल्या आत अडखळत होतं, त्यासाठी आणखी 23 लाख गाड्या. इलेक्ट्रॉनिक्सचा संशय होता, तो नासाच्या तज्ज्ञांना 2011च्या अहवालात सिद्ध करता आला नाही. पण ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल 2014मध्ये कंपनीने 1.2 अब्ज डॉलर मोजले. मला या आकड्यांपेक्षा स्थानिक तपासातली एक नोंद जास्त लागली. तीच लेक्सस काही दिवस आधी दुसऱ्या ग्राहकाला दिली होती. त्याचंही पेडल अडकलं, तो वाचला, आणि गाडी परत करताना त्याने रिसेप्शनला तसं सांगितलंही होतं. मॅट मात्र गाडीतच राहिली.

“मग त्या पोलिसाने ब्रेक नाही मारला?” मी ही हकिगत सांगितल्यावर पोरग्याने विचारलं.

मारला असणारच. पण एक्सलेटर पूर्ण उघडा असला की पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम जवळजवळ राहत नाही, आणि ब्रेकला जोर देणारा बूस्टर त्या व्हॅक्यूमवरच चालतो. त्यात साठा असतो एक-दोन दाबांपुरता. माणूस घाबरून ब्रेक दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. साठा संपतो आणि ब्रेक दगडासारखा होतो. म्हणून एकदाच, सगळा जोर लावून दाबायचा आणि सोडायचा नाही. लगेच गाडी न्यूट्रल करायची. गिअरवाली असेल तर आधी क्लच. इंजिन कितीही किंचाळलं तरी किंचाळू द्यायचं. चावी चालत्या गाडीत पूर्ण मागे फिरवायची नाही, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. त्या लेक्ससला चावी नव्हती, बटण होतं. चालत्या गाडीत ते तीन सेकंद दाबून धरल्याशिवाय इंजिन बंद होत नसे. शंभर मैलांच्या वेगात आणि उसन्या गाडीत हे कुणाला आठवेल?

साहेबांचं बिल झालं. मॅट, फिटिंग, वर एक परफ्यूम. बोटं घालून बघण्याचे पैसे लावत नाही का, म्हटल्यावर मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. साहेबांना मात्र दारापर्यंत जाऊन बजावलं, “वॉशिंगला टाकली की स्वतः बघा. ती पोरं मॅट वाळवतात आणि कशीही भिरकावतात. हूक लागला का, पेडल वर येतंय का, बघूनच निघा.”

साहेबांनी मान डोलावली, लक्ष फोनमध्ये होतं.

मागोमाग एक टॅक्सी आली. ड्रायव्हर अनवाणी उतरला. चपला काढून एक्सलेटरशेजारीच सारलेल्या, सीटखालून पाण्याची बाटली डोकावत होती. त्याला रबरी मॅटचा भाव हवा होता. मामांनी आधी चपला उचलून मागच्या सीटखाली फेकल्या, बाटली त्याच्या हातात दिली, मग भाव सांगितला.