आंबेडकर अभिवादन व स्वयंसेवा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मरणार्थ त्यांचे अनुयायी विनामोबदला जे लोकोपयोगी काम करतात, ते अभिवादनाचे एक रूप मानले जाते. १४ एप्रिल (जयंती) व ६ डिसेंबर (महापरिनिर्वाण दिन) हे त्याचे प्रमुख दिवस होत. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीला १९९४ च्या कायद्याने राष्ट्रीय सेवादिनाचे स्वरूप मिळाले. महाराष्ट्रातील प्रथा मात्र कायद्यावाचून, वस्त्यावस्त्यांतून रुजली.

पार्श्वभूमी

पहिली सार्वजनिक आंबेडकर जयंती जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १९२८ मध्ये पुण्यात साजरी केली. स्वतः बाबासाहेबांना विभूतिपूजा मान्य नव्हती. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्या. रानडे यांच्यावर व्याख्यान देताना त्यांनी तिच्यावर कठोर टीका केली. त्यांच्या सार्वजनिक कार्याच्या प्रारंभीच, १९२५ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले होते. ध्वनिवर्धकांच्या भिंती आणि वर्गणीची चढाओढ या वारशाशी विसंगत ठरते, अशी टीका अनुयायांमधूनच होत आली आहे.

स्वरूप

'एक वही, एक पेन' या अभियानात हार, फुले व मेणबत्त्यांऐवजी शालेय साहित्य आणण्याचे आवाहन केले जाते. दादरच्या चैत्यभूमीवर स्वयंसेवक ते गोळा करतात आणि पुढे गरजू विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवितात. हार सायंकाळपर्यंत कोमेजतो, वही वर्षभर चालते. मावळच्या डोंगरपट्ट्यातील कातकरी व ठाकर वस्त्यांत शिकणाऱ्या मुलाला तिचे मोल निराळे सांगावे लागत नाही. जयंतीनिमित्त सलग अठरा तास वाचन करण्याचा उपक्रमही अनेक ठिकाणी होतो. चैत्यभूमीवरील गर्दीचे नियोजन करण्यात समता सैनिक दलाचे कार्यकर्ते पुढे असतात. अन्नदान, पाणीवाटप व आरोग्य तपासणीही तेथे होते.

मावळ परिसर

या परिसरात १४ एप्रिल व ६ डिसेंबर यांच्या जोडीला २५ डिसेंबर या तिथीलाही महत्त्व आहे. लोणावळा-पुणे लोहमार्गावरील देहूरोड येथे नव्याने बांधलेल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच महिन्यात ते रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित राहिले होते. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा जवळजवळ दोन वर्षांचा अवकाश होता. महाडला मनुस्मृतीचे दहन झाले तेही १९२७ च्या २५ डिसेंबरलाच. देहूरोडचे हे स्थान आज 'धम्मभूमी' म्हणून ओळखले जाते आणि वर्धापनदिनी तेथे अनुयायांची मोठी गर्दी होते.