पिवळ्या पट्टीची दहा वर्षं

कॅन्सरग्रस्तांच्या मदतीसाठी निघणाऱ्या सायकल राइडच्या फॉर्मवर हल्ली एक रकाना असतो: तुम्हाला सहभागी का व्हायचंय? आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एका विद्यार्थिनीने त्यात ‘लीडरशिप’ आणि ‘टीमवर्क’ असं लिहिलं. परदेशातल्या ॲडमिशनला उपयोगी पडतं म्हणे. गेलं वर्षभर तिची आजी केमोसाठी परळला जात होती आणि ही पोर आजीच्या फायली कवटाळून लोकलमध्ये उभी असायची. त्यातलं एक अक्षर फॉर्मवर नाही. विचारलं तर म्हणाली, ‘ते पर्सनल आहे, काका.’ हे मला लागलं.

कॅन्सरसाठी मदत गोळा करणं काही नवं नाही. टाटा हॉस्पिटल १९४१ चं, इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ ची. पुढच्या वर्षांतल्या चॅरिटी शोंवर मी शाई घालवत नाही. एनएसएसच्या दहा गुणांसाठी मदतीचे डबे आम्हीही खुळखुळवले होते, त्यामुळे स्वार्थ आजचाच आहे असं कोणी म्हणू नये.

मला बोलायचंय ते २००४ नंतरच्या दहा वर्षांबद्दल. त्या फेब्रुवारीत मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि धावून निधी जमवणं इथे रुळलं. त्याच वर्षी लान्स आर्मस्ट्राँगच्या संस्थेची पिवळी रबरी पट्टी निघाली. कॅन्सरमधून उठून टूर द फ्रान्स जिंकत सुटलेला माणूस. पोरांना आणखी काय हवं? रविवारी आरेतून पवईकडे जाणाऱ्या आमच्या टोळक्यात ती प्रत्येकाच्या मनगटावर होती. त्यातल्या एकाच्या वडिलांचा जबडा तंबाखूने गेला होता. घरात आजाराचं नाव काढायची सोय नव्हती. आरेच्या चढावर मात्र, धापा टाकत, तो सगळं बोलायचा.

२०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यं घेतल्याबद्दल आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर कबुली दिली. ‘सगळेच घेतात हो’ म्हणत त्याची वकिली करणारे आता कॉलेजांत प्रेरणादायी व्याख्यानं देतात. आमच्या त्या मित्राने पट्टी कात्रीने कापली, राइड सोडली नाही. त्याचं कारण फ्रान्समध्ये नव्हतंच.

२०१३ मध्येच आणखी एक बातमी आली, तिच्यासाठी कुणी पट्टी काढली नाही. टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पथकाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला होता. दहावीपर्यंत शिकलेल्या बायका साध्या व्हिनेगरने गर्भाशयमुखाची तपासणी करत. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेसाठी निम्म्या बायकांना तपासणीविना ठेवलं, यावर वाद झाला आणि तो रास्तच होता. पण वस्तीवस्तीत दारोदार फिरणाऱ्या त्या बायकांची जर्सी कुठल्या स्पॉन्सरने छापली?

आता राइड पहाटे पाचला, हायवे मोकळा असताना निघते. आठच्या आत पोहे, मेडल, सर्टिफिकेट. २०१२ च्या गुटखाबंदीनंतरही ज्या टपऱ्यांवर पुडी मिळते, त्या तेव्हा उघडलेल्याही नसतात. मी आयोजकांना सुचवलं, संध्याकाळी सहाला एलबीएस मार्गाने न्या, भांडुपला थांबा, त्या टपऱ्यांवरच्या पोरांशी बोला. उत्तर आलं, ‘सर, तेव्हा ट्रॅफिक असतो, आणि फोटोही नीट येत नाहीत.’