एका अवतरणचिन्हाने उघडते वेबसाइटचे कुलूप : एसक्यूएल इंजेक्शन म्हणजे नेमके काय?

आज गावोगावच्या शाळा, ट्रस्ट, पतसंस्था, वाचनालये आणि छोट्या वृत्त-वेबसाइट इंटरनेटवर आहेत. बहुतेक ठिकाणी गोष्ट एकसारखीच असते. ओळखीतल्या एखाद्या होतकरू मुलाने दोन-चार दिवसांत वर्डप्रेस किंवा जूमलावर साइट उभी करून दिली, उद्घाटन झालं, पेढे वाटले गेले. पुढे तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा दुबईला गेला. साइट मात्र तशीच चालू राहिली. त्यात शिष्यवृत्तीचे अर्ज येतात, देणगीदारांचे मोबाइल नंबर जमतात, पालकांचे पत्ते साठतात. हे सगळं कुठे ठेवलं जातं आणि त्याला कुलूप आहे का, हे विचारायला कुणाला फुरसत नसते.

या कुलपाची सगळ्यात जुनी आणि अजूनही चालणारी चोरकिल्ली म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन. १९९८ च्या डिसेंबरमध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या ऑनलाइन मासिकात या पद्धतीवर पहिल्यांदा जाहीर लिहिलं गेलं. वेबसाइटच्या धोक्यांची यादी करणाऱ्या ओवास्प या संस्थेने २०१०, २०१३ आणि २०१७ अशा तिन्ही याद्यांत ‘इंजेक्शन’ला पहिला नंबर दिला. २०२१ च्या यादीत ते तिसऱ्या नंबरवर आलं, म्हणजे धोका थोडा उतरला, संपला नाही.

रेकॉर्ड रूममधला कारकून

वर्डप्रेस, जूमला, द्रुपल यांना कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणजे सीएमएस म्हणतात. बातमी, अर्ज, सभासदांचे पासवर्ड हे सगळं सीएमएस एका डेटाबेसमध्ये ठेवते. त्या डेटाबेसशी बोलायची भाषा म्हणजे एसक्यूएल.

आता एक कचेरी डोळ्यांसमोर आणा. आत रेकॉर्ड रूम आहे आणि तिथे एक कारकून बसलाय. बाहेरच्या खिडकीवर छापील चिठ्ठी मिळते : ‘____ या नावाच्या अर्जदाराची फाइल द्यावी.’ तुम्ही रिकाम्या जागेत नाव लिहायचं, कारकून चिठ्ठी वाचून फाइल आणून देणार. एक दिवस कुणीतरी त्या जागेत लिहितो, ‘करीम, किंवा कोणत्याही’. चिठ्ठी झाली : ‘करीम, किंवा कोणत्याही या नावाच्या अर्जदाराची फाइल द्यावी.’ कारकून आज्ञाधारक आहे, पण छापलेलं कोणतं आणि हाताने लिहिलेलं कोणतं हा फरक त्याला कळत नाही. तो सगळं कपाट उचलून खिडकीवर ठेवतो.

एसक्यूएल इंजेक्शन हे एवढंच आहे. माणसाने भरलेली माहिती संगणकाने हुकूम म्हणून वाचली, की झाला घात.

एसक्यूएलमध्ये नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे एकेरी अवतरणचिन्हाने दाखवतात. साइटचा प्रोग्राम हुकूम तयार करतो : ‘जिथे नाव = 'करीम' असेल ती ओळ दे.’ हल्लेखोर नावाच्या जागी अवतरणचिन्ह टाकून नाव मध्येच संपवतो आणि पुढे ‘किंवा '१'='१'’ अशा अर्थाचं काही जोडतो. एक बरोबर एक हे नेहमीच खरं, म्हणून प्रत्येक ओळ अटीत बसते आणि अख्खा तक्ता बाहेर येतो. जास्त हुशार हल्लेखोर याच वाटेने अॅडमिनच्या पासवर्डच्या नोंदी वाचतो किंवा स्वतःचं नाव अॅडमिन म्हणून घालतो.

याची एक खूण सामान्य माणसालाही दिसते. वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या बाईंनी फॉर्ममध्ये आपलं आडनाव ‘डि'सोझा’ असं लिहिलं आणि साइटने डेटाबेसची चूक दाखवली, तर समजायचं की नावातलं ते छोटं चिन्ह थेट हुकमात जाऊन बसलंय. बाईंनी काहीच चुकीचं केलेलं नाही. चूक साइटची आहे.

उपाय माहीत असूनही घात कसा होतो?

यावरचा पक्का उपाय प्रोग्रामरना चांगला ठाऊक आहे. छापील हुकूम आधीच आत पाठवायचा आणि नाव मागाहून बंद पाकिटात द्यायचं. पाकिटात काहीही लिहिलेलं असो, कारकून ते फक्त नाव म्हणूनच शोधणार. ‘करीम, किंवा कोणत्याही’ असा माणूस सापडत नाही म्हणून तो रिकाम्या हाताने परत येतो. याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात.

पण २०१४ साली द्रुपलमध्ये जे झालं ते पाहिलं की सुरक्षेत गाफील राहणं किती महाग पडतं ते कळतं. द्रुपल ७ मध्ये पाकिटाची ही सोय होतीच. एकाऐवजी नावांची यादी आली, तर प्रत्येक नावासाठी एकेक रिकामी जागा प्रोग्राम स्वतः तयार करायचा. त्या जागेचं लेबल मात्र तो यादीतल्या क्रमांकावरून बनवायचा आणि तो क्रमांकही बाहेरच्या माणसाकडूनच येऊ शकतो हे तपासायचं राहून गेलं. नाव पाकिटात सुरक्षित राहिलं, लेबलावर मात्र हुकूम लिहिता आला. लॉगिन न करताही कुणालाही हे जमत होतं.

दुरुस्ती असलेली ७.३२ ही आवृत्ती १५ ऑक्टोबर २०१४ ला आली. काही तासांतच आपोआप साइट शोधून हल्ला करणारे प्रोग्राम कामाला लागले. दोन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, द्रुपलच्या सुरक्षा पथकाने स्वतःच जाहीर केलं की घोषणेनंतर ७ तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपली साइट फुटली असंच धरून चालावं. ते सात तास आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री साडेनऊपासून पहाटे साडेचारपर्यंतचे होते. भारतातले बहुतेक साइटचालक तेव्हा झोपेत होते.

त्या सूचनेत आणखी एक धक्कादायक गोष्ट होती. तुम्ही काही न करता साइट दुरुस्त झालेली दिसली तर खूश होऊ नका, असं त्यांनी बजावलं. काही हल्लेखोर आत शिरल्यावर स्वतःच दुरुस्ती करत होते, म्हणजे दुसरा चोर त्याच वाटेने येऊ नये. दुरुस्ती केल्याने नवा चोर अडतो, आत लपलेला बाहेर पडत नाही.

फक्त द्रुपलच नाही

जूमलाची ३.७ आवृत्ती एप्रिल २०१७ मध्ये आली. तिच्यात नव्याने जोडलेल्या एका भागात असंच भोक निघालं आणि मे महिन्यात घाईने ३.७.१ काढावी लागली. इथे यादी कोणत्या क्रमाने लावायची हे सांगणारा पर्याय न तपासता हुकमात जात होता. वर्डप्रेसच्या मूळ प्रोग्राममध्येही असं होतं. जानेवारी २०२२ ची ५.८.३ आवृत्ती अशाच एका दुरुस्तीसाठी होती. पण वर्डप्रेसचा खरा धोका प्लगिनमध्ये आहे. फोटो गॅलरीचं नेक्स्टजेन हे प्लगिन दहा लाखांहून जास्त साइटवर होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यात एसक्यूएल इंजेक्शनचं गंभीर भोक असल्याचं उघड झालं. घर मजबूत आणि मागचा दरवाजा पुठ्ठ्याचा, असा तो प्रकार.

विसरलेल्या पानांचं काय होतं, ते ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीने दाखवलं. एका विकत घेतलेल्या कंपनीकडून आलेली जुनी वेबपाने तिच्याकडे पडून होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यातूनच एसक्यूएल इंजेक्शनने १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली. त्यातल्या १५ हजारांहून जास्त लोकांचे बँक खात्याचे तपशीलही होते. तिथल्या माहिती आयुक्तांनी ४ लाख पौंड दंड ठोठावला.

आपण काय करायचं?

संस्था लहान आहे, आपल्याकडे कोण बघतंय, हा समज आधी सोडा. हल्ला करणारा प्रोग्राम संस्थेचं नाव वाचत नाही, जुनी आवृत्ती तेवढी शोधतो. आणि माहिती गेली तर नुकसान संस्थेपुरतं राहत नाही. अर्ज भरणाऱ्या विधवा बाईंचा खाते क्रमांक, मुलीचा फोटो आणि मोबाइल नंबर चोराच्या हाती पडतो. त्यांनी तो आपल्यावर विश्वास ठेवून दिलेला असतो. तो विश्वास म्हणजे अमानतच.

म्हणून एवढं करा. साइटची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा आणि तो सोडून गेला तर दुसऱ्याकडे सोपवा. सीएमएस, थीम आणि प्लगिन यांचे अपडेट आले की लगेच घ्या, आपोआप अपडेटची सोय असेल तर चालू करा. न लागणारं प्लगिन नुसतं बंद करू नका, काढूनच टाका. फुकट मिळणाऱ्या क्रॅक थीमच्या नादी लागू नका. साइट ज्या खात्याने डेटाबेसशी बोलते, त्या खात्याला गरजेपुरतेच अधिकार द्या. बॅकअप त्याच सर्व्हरवर न ठेवता वेगळीकडे ठेवा आणि तो परत चढवून पाहिलाय का, हेही विचारा. नवी साइट करून घेताना प्रोग्रामरला सरळ विचारा, ‘सगळीकडे प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरलंय ना?’

सगळ्यात सोपा उपाय तर बिनखर्चाचा आहे. जी माहिती लागत नाही ती मागूच नका. आधारची प्रत कशासाठी हवी, हे सांगता येत नसेल तर फॉर्ममधून ती ओळ काढा. काम झालेले जुने अर्ज पुसून टाका. कपाटात फाइलच नसेल तर चोर नेणार काय?

साइट फुटल्याचा संशय आला तर ती तात्पुरती बंद करा, सर्व्हरच्या नोंदींची प्रत ठेवा, घुसखोरीच्या आधीचा बॅकअप चढवा, लगेच अपडेट करा आणि सगळे पासवर्ड बदला. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेला कळवा. कुणाचे पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करा. आणि ज्यांची माहिती गेली त्यांना सांगा. लाजेपोटी लपवलं, तर फसवणुकीचा फोन आल्यावर ते बेसावध सापडतील.

तरुण वाचकांनाही एक सांगणं आहे. हे वाचून दुसऱ्याच्या साइटवर अवतरणचिन्ह टाकून बघायचा मोह होईल. तो आवरा. परवानगीशिवाय तसं करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतं आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. शिकायचंच असेल तर स्वतःच्या संगणकावर वर्डप्रेस बसवा आणि त्यावर हात साफ करा. मग आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेची किंवा ट्रस्टची साइट त्यांच्या परवानगीने तपासून द्या. असे चार पोरं प्रत्येक गावात तयार झाली, तर कितीतरी कुटुंबांची माहिती चोरांच्या हाती जाण्यापासून वाचेल.