गगनबावड्याला जायचंय, विमान कोणतं घ्यावं?

गगनबावडा सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथे धावपट्टी नाही. भाड्याचं विमान उतरणार कोल्हापूरच्या उजळाईवाडीला, पुढचे साठेक किलोमीटर मोटारीनं. म्हणून आधी धावपट्टी बघा, मग विमान.

मुंबई-कोल्हापूर हवाई अंतर सुमारे ३०० किलोमीटर. एवढ्याशा पल्ल्यात जेट आणि पंख्याचं टर्बोप्रॉप यांत फरक पडतो दहा-पंधरा मिनिटांचा. बिलात मात्र चांगलाच. सात-आठ जणांना ‘किंग एअर बी-२००’सारखं टर्बोप्रॉप पुरतं. दिल्लीहून थेट यायचं असेल, तर जेटचा विचार करा.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. ओल्या धावपट्टीवर उतरायला जेटसाठी १५ टक्के जादा लांबी धरावी लागते. हेलिकॉप्टर थेट माथ्यावर नेईल खरं. पण तिथला गगनगड किल्लाच ढगात बुडाला असेल, तर पायलट नाही म्हणेल. त्याच्याशी हुज्जत घालू नका.

दर ठरवताना परतीची रिकामी फेरी, मुक्कामाचं भाडं आणि जीएसटी धरलाय का, हे विचारा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (‘डीजीसीए’) व्यावसायिक परवाना नसलेलं विमान स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.