इंग्रजीचा अभ्यासक्रम निवडताना : वय नव्हे, पातळी पाहावी

१८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेव्हा त्याचे वय १२ वर्षांचे होते आणि शालेय शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते. पुढे सयाजीराव महाराज म्हणून ख्यात झालेल्या या मुलासाठी त्याच वर्षी सनदी सेवेतील एफ. ए. एच. इलियट यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. इंग्रजीबरोबरच मराठी, गुजराती आणि उर्दूचेही अध्ययन सुरू झाले. सहा वर्षांनी, डिसेंबर १८८१ मध्ये, राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेतही ते सहभागी झाले.

राजपुत्राला लाभलेली साधने सर्वांना मिळत नाहीत. परंतु यातून निघणारा बोध सर्वांसाठी आहे. बाराव्या वर्षी आरंभ करणे म्हणजे उशीर होणे नव्हे. मात्र आरंभ विद्यार्थी जिथे उभा आहे तिथूनच व्हावा लागतो.

गोव्यात हा प्रश्न घरोघरी भेडसावतो. मराठी वा कोकणी माध्यमातून प्राथमिक शिक्षण घेतलेली मुले पाचवीपासून बहुधा इंग्रजी माध्यमात जातात. गणित, विज्ञान समजत असूनही भाषेच्या अडसरामुळे ती मागे पडतात. मग पालक इयत्ता पाहून पुस्तके घेतात किंवा जाहिरात पाहून वर्ग निवडतात.

त्याऐवजी प्रथम पातळी तपासावी. युरोपीय मानकानुसार भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या मानल्या जातात. नववीतला विद्यार्थी ए-२ पातळीवर असू शकतो; त्यात कमीपणा नाही. प्रवेशापूर्वी पातळी-चाचणी न घेणारा वर्ग टाळावा. वर्गात किती मुले असतात, प्रत्येकाला बोलण्याची संधी किती मिळते आणि लेखन तपासून परत दिले जाते का, हे विचारावे. थोड्याच दिवसांत अस्खलित इंग्रजी शिकवण्याचे आश्वासन विश्वासार्ह नसते.

पुस्तकांनाही हाच निकष लावावा. रेमंड मर्फी यांच्या व्याकरणमालेतील लाल पुस्तक प्रारंभिक, तर निळे मध्यम पातळीसाठी आहे; लालऐवजी निळे हाती दिल्यास मूल खचते. ‘रेन अँड मार्टिन’ संदर्भासाठी उपयुक्त आहे, परंतु केवळ नियम पाठ करून भाषा बोलता येत नाही. त्यासाठी भरपूर वाचन हवे. ऑक्सफर्डच्या ‘बुकवर्म्स’ मालेत पहिल्या पायरीवर सुमारे ४०० मूळ शब्दांत, तर सहाव्या पायरीवर सुमारे २५०० शब्दांत कथा सांगितलेल्या असतात. एका पानावर पाचांहून अधिक शब्द अडत असतील, तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवून खालच्या पायरीचे घ्यावे.

विकत घेण्यापूर्वी ग्रंथालयात पुस्तक चाळून पाहणे केव्हाही श्रेयस्कर. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यास आणून संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. गोव्यातही पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचे दार वाचकांसाठी खुले आहे. तेथे मुलाला स्वतः पुस्तक निवडू द्यावे. जे त्याला कळते आणि आवडते, तेच तो शेवटपर्यंत वाचतो.