पाठनियोजनाची निकषसारणी

शिक्षकाच्या पाठटाचणाची गुणवत्ता ठरविण्यासाठी वापरला जाणारा, निकष व त्यांच्या चढत्या स्तरांची वर्णने असलेला तक्ता. ‘रुब्रिक’ या संज्ञेनेही तो ओळखला जातो. पडताळा सूचीत एखादी बाब टाचणात आहे किंवा नाही एवढेच नोंदविले जाते. पदनिश्चयन श्रेणीत तिला अंक दिला जातो. निकषसारणीत मात्र प्रत्येक स्तरावरील टाचण कसे असते याचे शब्दांत वर्णन असते. त्यामुळे आपले टाचण कोठे उणे पडले व पुढची पायरी कोणती, हे शिक्षकास कळते.

जर्मन शिक्षणतज्ञ योहान फ्रीड्रिख हेर्बार्ट (१७७६–१८४१) याच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पंचपदीचा पाठटाचणांवर दीर्घकाळ प्रभाव होता. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम व त्याचे सहकारी यांनी शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केल्यानंतर उद्दिष्टे व मूल्यमापन यांच्या मेळाला महत्त्व आले.

महाराष्ट्रात नियोजनाचा प्रश्न वेगळ्या रीतीने वर्ध्यास उपस्थित झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना मांडली. उद्योग, निसर्ग व सामाजिक परिसर यांच्याशी विषयांचा समवाय साधावयाचा असल्याने केवळ पाठ्यपुस्तकाच्या क्रमावर शिक्षकास विसंबता येईना. ओढूनताणून साधलेला समवाय हा या पद्धतीतील नेहमीचा धोका होता. स्वाभाविक व कृत्रिम समवाय यांतील भेद स्तरवर्णनांतून स्पष्ट करता येतो.

वर्धा–नागपूर लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) येथील एखाद्या शाळेत कापसाच्या वजनावरून बेरीज शिकवावयाची आहे, असे समजू. ‘उद्दिष्ट’ या निकषाचे स्तर पुढीलप्रमाणे होतील : (१) ‘वजनाची माहिती देणे’ अशी केवळ शिक्षकाची कृती नोंदविलेली असते, (२) ‘विद्यार्थ्यास वजन समजते’ असे मोघम विधान असते, (३) ‘विद्यार्थी क्विंटल व किलोग्रॅम यांतील वजनांची बेरीज करतो’ अशी पडताळता येणारी कृती असते, (४) या कृतीस अनुरूप प्रश्न व संभाव्य चुकीवरील उपाययोजनाही असते. उदा., २ क्विंटल ६५ किग्रॅ. व १ क्विंटल ४८ किग्रॅ. यांची बेरीज ३ क्विंटल ११३ किग्रॅ. अशीच ठेवणाऱ्या मुलास १०० किलोग्रॅमचा एक क्विंटल करून ४ क्विंटल १३ किग्रॅ. हे उत्तर कसे काढावयाचे, याचा विचार चौथ्या स्तरावरील टाचणात आधीच झालेला असतो. पूर्वज्ञान, अध्ययन अनुभव, शैक्षणिक साधने, वेळेची विभागणी व मूल्यमापन यांसाठीही अशीच वर्णने करतात.

निकष पाच-सहांपेक्षा अधिक नसावेत व ते शिक्षकांना आधी ठाऊक असावेत. प्रथम शिक्षकाने स्वतः, नंतर सहकाऱ्याने व शेवटी निरीक्षकाने एकच टाचण तपासून मतभेदांवर चर्चा केल्यास सारणीची विश्वसनीयता वाढते. सुधारणेसाठी एका वेळी एकच निकष निवडणे हितावह ठरते.

या साधनास मर्यादाही आहेत. सारणी केवळ दोष काढण्यासाठी वापरली गेल्यास शिक्षक वरच्या स्तराची भाषा उतरवून काढतात. टाचण निर्दोष दिसते, पण वर्गात बदल होत नाही. दोन इयत्ता एकत्र शिकविणाऱ्या शिक्षकाचे टाचण एकाच इयत्तेच्या निकषांनी जोखणे अन्यायाचे होय. म्हणून टाचणाची श्रेणी प्रत्यक्ष पाठाशी व विद्यार्थ्यांच्या वह्यांशी ताडून पाहणे आवश्यक असते.